खोली क्रमांक सातमधले तीन ठोके

४ फेब्रुवारी

प्रति,
टिटवी, सेवानिवृत्त सहायक शिक्षिका, व्हायोलिन विभाग, संगीत विद्यालय, तळघर, खोली क्रमांक सात.

मायना लिहिताना अडचण आली. आशीर्वाद द्यावेत, तर आता तू माझ्या पुढे गेली आहेस. नमस्कार लिहावा, तर तुला हसू आवरणार नाही. म्हणून थेट विषयाकडे वळतो.

विषय: खोलीच्या किल्ल्या परत करणे.

तुला जाऊन हिवाळा उलटला. घर व्यवस्थित आहे. तुझ्या खुर्चीवर मी बसत नाही; तिचा एक पाय अविश्वसनीय आहे हे मी तुझ्या हयातीतही निदर्शनास आणून दिले होते. विद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र आले आहे. आचार्यांची जन्मशताब्दी मार्चमध्ये साजरी होत असून, निवृत्तीनंतरही तू वापरत असलेल्या खोली क्रमांक सातचे नामकरण ‘आचार्य साधनाकक्ष’ असे होणार आहे. आचार्यांची ‘ठोके’ ही विख्यात रचना त्याच खोलीत जन्माला आली, असे प्राचार्यांचे संशोधन सांगते. भिंतीवर तसा संगमरवरी दगड बसणार आहे. तुझे सामान हलवून दोन्ही किल्ल्या कार्यालयात जमा कराव्यात, अशी विनंती आहे.

आचार्य त्या खोलीत उतरल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या गुडघ्यांना तळघराचा जिना मानवत नसे. परंतु प्रतिभेला जिना लागत नसावा.

तू आयुष्यभर त्यांच्या रचनांच्या स्वच्छ प्रती तयार केल्यास. त्या सेवेची नोंद दगडावर होणार नाही, याबद्दल मला किंचित खेद आहे. तथापि नियम तो नियम. किल्ल्या परत करण्याचा माझा विचार आहे. तुझी हरकत असल्यास कळवावे, असे लिहिण्याची सवय हाताला आहे. ते वाक्य खोडत नाही.

तुझा,
मी

प्रत माहितीसाठी: तुझी धाकटी बहीण.

*

९ फेब्रुवारी

भावोजी,

मेलेल्या बायकोला पत्र लिहून जिवंत मेहुणीला त्याची प्रत ‘माहितीसाठी’ पाठवणारा माणूस सगळ्या जगात एकच असेल, आणि तो आमच्याच घरात पडायचा होता. प्रत मिळाली. आधी हसले, मग रडले, मग चष्मा पुसून परत वाचली, आणि मग जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

स्वच्छ प्रती? भावोजी, तुम्ही इतकी वर्षं तिच्याशेजारी मैफलीत बसलात, मान ताठ ठेवून झोपलात, आणि तुम्हाला वाटतं ताई प्रती करत होती?

ऐका. ‘ठोके’ ताईनं लिहिलं. बाईची रचना म्हटल्यावर विद्यालयाच्या मंडळानं तिला सांगितलं होतं की सुरुवातीला वाजवू, लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा. ताईला ती मध्यंतरानंतर हवी होती. तिनं काय करावं? कागद सरळ दाढीच्या फायलीत सरकवले. (आचार्यांना आम्ही दाढी म्हणायचो. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला बरंच काही ठाऊक नव्हतं.) दाढीनं वाजवलं, लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तो ताईला म्हणाला, “हे मी कधी लिहिलं, आठवत नाही.” ताई म्हणाली, “वय झालं.” त्यानंतर दरवर्षी तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायचा, “काय गं, यंदा मला काय सुचलंय?”

ताई हे सांगताना पोट धरून हसायची. मला तेव्हाही हसू येत नव्हतं. ती म्हणायची, “रचना वाजतेय ना? मग नाव काय चाटायचंय?” मी म्हणायचे, हो, चाटायचंय. दाढी गेला तेव्हा वर्तमानपत्रात अर्धं पान त्याचं होतं. ताई गेली तेव्हा तुम्ही दिलेली चार ओळींची जाहिरात, तीही व्याकरणशुद्ध.

आता त्या भिंतीवर दाढीच्या नावाचा दगड बसला की ताई कायमची ‘व इतर’ झाली. ती म्हणत होती नको. ती आता नाहीये, आणि मला हवंय. मी चाळीस वर्षं लोकांचे दात उपटले आहेत, दगडही उपटीन. पण मी दोनशे मैलांवर आणि तुम्ही तिथं. किल्ल्या देऊ नका.

धाकटी

*

१४ फेब्रुवारी

कै. टिटवीच्या भगिनीस,

सविनय निवेदन की, आपले पत्र पोहोचले. आपल्या भावना मी समजू शकतो. परंतु भगिनीप्रेम म्हणजे पुरावा नव्हे. मयत व्यक्तीने हसत हसत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या मयत व्यक्तीच्या विरोधात वापरणे, हे दोन्ही मयतांना अन्यायकारक आहे.

मी संगीत जाणत नाही. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात माझी हयात गेली. मला सूर कळत नाहीत, दाब कळतो. म्हणून मी तज्ज्ञांच्या मताचा आधार घेतो. प्राचार्यांनी शताब्दी-स्मरणिका पाठवली आहे. तिच्यात विद्यालयाचे एक जुने समूहछायाचित्र असून, खाली पुरुषांची नावे ओळीने आणि शेवटी ‘व इतर’ असे आहे. ‘इतर’ म्हणजे नऊ स्त्रिया. टिटवी त्यांत उजवीकडे, कुंडीतल्या झाडाआड. आपला शब्दप्रयोग येथूनच आला असावा. ती मांडणी मला योग्य वाटली नाही, हे मी नमूद करतो.

परंतु प्राचार्यांचा लेख अभ्यासपूर्ण आहे. ‘ठोके’विषयीचा उतारा आपल्या खात्रीसाठी जसाच्या तसा देतो:

“रचनेत तीनदा, सर्वस्वी अनपेक्षितपणे, खालच्या तारेवर तीन ठोके पडतात. पहिला जड, दुसरा त्याहून हलका, तिसरा जणू लांबून आलेला. हे नियतीचे दार ठोठावणे आहे. त्यानंतर येते ती सुप्रसिद्ध शांतता. या शांततेत आचार्य मृत्यूच्या डोळ्यांत पाहतात. ऐन तारुण्यात, विद्यालयाच्या स्थापनेच्या वर्षी, एवढी प्रगल्भता जगात क्वचितच आढळते.”

असे लिहिण्यास अनुभव लागतो. टिटवी मृत्यूच्या डोळ्यांत पाहणाऱ्यांपैकी नव्हती. ती दूधवाल्याच्या डोळ्यांतसुद्धा भांडल्याशिवाय पाहत नसे.

आपला विश्वासू,
टिटवीचे यजमान

*

१८ फेब्रुवारी

भावोजी,

पहिला जड, दुसरा हलका, तिसरा लांबून. मग शांतता.

आता डोळे मिटून सांगा, तुमचं लग्न कशामुळे जमलं?

सुचत नसेल तर अजून एक देते. ती शांतता किती लांब असते माहितेय? ताईनं मला घड्याळ लावून दाखवलं होतं. वरच्या झरोक्याकडे तोंड करून “झालं का बाई?” एवढं विचारायला आणि उत्तराची वाट बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढी. मृत्यूच्या डोळ्यांत, म्हणे.

धाकटी

*

२३ फेब्रुवारी

प्रति,
मा. प्राचार्य, संगीत विद्यालय.

विषय: ‘ठोके’ या रचनेचे कर्तृत्व व पाण्याच्या नळाचा त्याच्याशी असलेला संबंध.

महोदय,

आपल्या स्मरणिकेतील लेखाबाबत पुढील वस्तुस्थिती आदरपूर्वक निदर्शनास आणू इच्छितो.

विद्यालयाच्या स्थापनेच्या वेळी इमारतीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. वास्तुविशारदाने स्त्रिया येतील अशी कल्पनाच केलेली नव्हती. विद्यार्थिनी समोरच्या बेकरीतल्या मोरीचा वापर करीत आणि संकोचापोटी प्रत्येक वेळी एक पाव विकत घेत. व्हायोलिन विभागात त्या काळी सदैव शिळा पाव असे, असे माझी दिवंगत पत्नी सांगत असे. शिक्षिका म्हणून रुजू होताच तिने लेखी तक्रार केली. पाठपुरावा केला. आचार्यांनी त्यावर शेरा मारला होता की, साधनेत देहाचे भान राहत नाही. पत्नीने खाली लिहिले: “पुरुषांचे स्वच्छतागृह मग बंद करावे.”

स्वच्छतागृह मंजूर झाले. ते तळमजल्यावर, खोली क्रमांक सातच्या नेमके वर बांधले आणि त्याची जलवाहिनी खोली क्रमांक सातच्या भिंतीतून नेली. ते काम मी केले. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो.

वरची तोटी झटकन बंद केली की वाहते पाणी एकदम अडते आणि नळाला हिसका बसतो. तो नळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या तीन पकडी सैल राहिल्या होत्या. हिसक्यासरशी नळ प्रत्येक पकडीपाशी भिंतीवर आपटतो: खालच्या पकडीपाशी जोराने, मधल्या पकडीपाशी कमी, वरच्या पकडीपाशी अगदी हलका. ही त्रुटी दूर करण्यासाठी मी पाना घेऊन खोलीत गेलो असता, आतील शिक्षिकेने व्हायोलिनच्या काठीने मला अडवले आणि म्हटले, “हात लावाल तर याद राखा. आत्ता कुठे जागेवर पडायला लागलंय.” मी तिला विचारले, काय जागेवर पडायला लागले आहे. तिने मला बसवून ऐकवले. मला काही कळले नाही, परंतु मी पुन्हा तपासणीसाठी गेलो, आणि पुढेही जात राहिलो. त्याची परिणती विवाहात झाली.

सदर ठोके केवळ खोली क्रमांक सातमध्ये ऐकू येतात; ते पडले की पत्नी झरोक्यातून वर “झालं का बाई?” असे विचारून मगच पुढे वाजवीत असे. ते विद्यालयाच्या स्थापनेच्या वर्षी ऐकू येणे अशक्य होते, कारण नळ नव्हता. म्हणजे आपण ज्यास नियती म्हणता ती तळमजल्यावरील महिला स्वच्छतागृहाची तोटी आहे. आचार्य त्या खोलीत कधीही बसले नाहीत. तिथे माझी पत्नी बसत असे.

सबब, दगडावरील मजकूर बदलावा, ही विनंती. तोपर्यंत किल्ल्या माझ्याकडे राहतील.

आपला विश्वासू,
निवृत्त कार्यकारी अभियंता

*

१ मार्च

आदरणीय अभियंतासाहेब,

आपले पत्र वाचून मन हेलावले. वियोगाचे दुःख माणसाला कुठे कुठे नेते, याची मला कल्पना आहे. मात्र एका कालातीत रचनेचा उगम आपण जिथे दाखवता, त्या जागेचा उल्लेख माझ्या लेखणीतून होणे नाही. नळाचा आवाज हा निव्वळ तांत्रिक योगायोग आहे. थोर कलाकृतीचे पडसाद निसर्गातही उमटतात.

आपल्या पत्नी अत्यंत कष्टाळू होत्या. त्यांचे हस्ताक्षर सुंदर होते. स्मरणिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘व इतर’च्या जागी ‘व इतर सहकारी’ असे करण्याचे मी आश्वासन देतो.

कार्यालयातील जादा किल्लीने खोली उघडून दगड भिंतीत बसवून झाला आहे. अनावरण दहा तारखेला, त्याच खोलीत. आमची एक गुणी विद्यार्थिनी ‘ठोके’ वाजवील. सन्माननीय निमंत्रित म्हणून आपण यावे. किल्ल्या त्या वेळी आणल्या तरी चालतील.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य

*

३ मार्च

मेहुणीबाईस,

सोबत प्राचार्यांचे उत्तर. ‘हस्ताक्षर सुंदर होते’ हे वाक्य मी तीन वेळा वाचले. टिटवीचे अक्षर कावळ्याने शाईत पाय बुडवल्यासारखे होते. मी तिला लग्नापूर्वीच्या पत्रांत त्याबद्दल समज दिली होती. त्या गृहस्थांनी तिचा एकही कागद पाहिलेला नाही. ज्या अक्षरात कोणीही ‘स्वच्छ प्रती’ करून घेणार नाही, त्या अक्षराची बाई प्रती करीत होती, असे मीही इतकी वर्षे धरून चाललो, ते असो.

दहा तारखेस आपली मदत हवी आहे. तोटी उघडणे-मिटणे हे काम साधे आहे, परंतु ती महिला स्वच्छतागृहात असल्याने मला तेथे प्रवेश नाही. नियम मी मोडणार नाही. आपण मोडत नाही, कारण आपण स्त्री आहात. झरोक्यातून खालचे वादन स्पष्ट ऐकू येते. रचना आपल्याला पाठ आहे. तीन ठिकाणे आहेत. तोटी पूर्ण उघडून, योग्य क्षणाच्या किंचित आधी, एका झटक्यात बंद करावी. हळू बंद केल्यास काहीही होणार नाही. दाब मी सकाळीच पाहून ठेवीन.

हे खोडसाळपणाचे कृत्य नसून प्रात्यक्षिक आहे.

आपला,
टिटवीचे यजमान

*

५ मार्च

भावोजी,

जन्मात पहिल्यांदा तुमचं पत्र वाचून मला तुमच्यावर माया आली. नऊ तारखेच्या गाडीनं येते. मनगट अजून मजबूत आहे. अक्कलदाढ काढल्यासारखी झटक्यात बंद करीन.

फक्त एक अट. शांततेत जे विचारायचं असतं ते तुम्ही विचारायचं. ताई नाही तर कुणीतरी विचारायलाच हवं, नाहीतर वरच्या बाईला उत्तर कसं देता येईल?

धाकटी

*

१२ मार्च

मा. अभियंतासाहेब,

परवाच्या प्रकाराबाबत आपणांस लिहिणे भाग आहे.

पहिल्या वेळी भिंतीतून ठोके आले तेव्हा पाहुण्यांना वाटले, ही आमचीच योजना. मी समाधानाने मान डोलावली, याचा मला आता पश्चात्ताप होतो. दुसऱ्या वेळी ते नेमके नवीन दगडाच्या मागून आले आणि पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. तिसऱ्या वेळी आमच्या गुणी विद्यार्थिनीने व्हायोलिनचा गज खाली ठेवला आणि नळाला वाजवू दिले. त्यानंतरच्या त्या पवित्र शांततेत आपण, सन्माननीय निमंत्रित, कडक इस्त्रीच्या कोटात उभे राहिलात, छताकडे पाहिलेत आणि खणखणीत आवाजात विचारलेत, “झालं का बाई?”

आणि वरून उत्तर आले, “झालं.”

मंडळाचे अध्यक्ष अजून अधूनमधून हसतात. अनावरण होऊ शकले नाही. व्हायोलिन विभागातील सर्व विद्यार्थिनी आता ती तोटी दिवसभर मुद्दाम आपटून बंद करतात आणि कुठल्याही वर्गात शांतता पसरली की कोणीतरी तो प्रश्न विचारते. आचार्यांच्या नावाने ती रचना वाजवायला एकही तयार नाही. नळ दुरुस्त करण्यासाठी कारागीर बोलावला, तर त्याच्या मते पकडी कसायच्या तर भिंत दगडाच्या जागीच फोडावी लागेल.

वाद मिटावा म्हणून मंडळाने एक उदार तडजोड सुचवली आहे. दगडावरून आचार्यांचे नाव काढू व ‘रचनाकार: अज्ञात’ असे कोरू. यात कोणाचाच अपमान नाही.

प्राचार्य

*

१५ मार्च

महोदय,

‘अज्ञात’ हा शब्द मला मान्य नाही. मी तिला ओळखत होतो. तिच्या चपलांचा आवाज, तिची सर्दी, तिचे न पाळलेले शब्द, सर्व मला ज्ञात आहे. जिची नोंद ठेवण्याचा कंटाळा केला, ती अज्ञात होत नाही. त्यासाठी दुसरा शब्द आहे आणि तो दगडावर कोरण्याजोगा नाही.

भिंत फोडण्याबाबत तांत्रिक मत: कारागीर बरोबर सांगतो. दगड राहिला तर नळ वाजत राहील. नळ गप्प करायचा तर दगड जाईल. दोन्ही ठेवून दोन्ही शोभतील असा एकच मजकूर आहे. तो सोबत पाठवत आहे.

आपला विश्वासू,
निवृत्त कार्यकारी अभियंता

*

२ एप्रिल

टिटवी,

या वेळी पदनाम लिहिले नाही. ते आता दगडावर आहे.

अंतिम अहवाल असा. मंडळाने मजकूर मान्य केला. प्राचार्यांचा शेवटचा आग्रह होता की तुझ्या नावापुढे ‘आचार्यांच्या शिष्या’ असावे; तेही नसेल तर निदान माझ्या नावाचा उल्लेख असावा, म्हणजे वाचणाऱ्याला धागा सापडेल. मी त्यांना सांगितले की या रचनेशी माझा संबंध नळापुरता आहे, आणि नळावर माझे नाव घातलेले नाही. तेव्हा दगडावर तूच आहेस, एकटी, मागेपुढे कोणी नाही. खाली ‘ठोके’चे नाव. बाकीच्या रचनांसाठी तुझी बहीण प्राचार्यांच्या मागे लागली आहे. तिने माझ्याकडे मुक्काम वाढवला असून तुझ्या खुर्चीवर बसते. खुर्ची मोडली. पाय तोच, अविश्वसनीय.

दुसऱ्या आवृत्तीत छायाचित्राखाली नऊही नावे येतील. कुंडीचे मात्र काही करता येत नाही.

तुला हे सगळे नको होते, असे धाकटी म्हणते. हसून सोडून द्यायची तुझी तऱ्हा मोठी होती. मला ती कधी जमली नाही. मला नोंदी बरोबर लागतात. तू मला पाना घेऊन परत पाठवले होतेस, तेव्हा मी ऐकले होते. एकदा माझे चालवून घे.

खोली तुझ्या नावाची झाल्यावर ती अडवून ठेवण्याचे कारण उरले नाही. ती आता विद्यार्थिनींना सरावासाठी मिळेल. म्हणून आज सामान हलवायला गेलो. व्हायोलिन त्या गुणी मुलीला दिले. ताल धरायचे यंत्र घरी आणले आहे. त्याला मी किल्ली देतो आणि ते टकटक करते, एवढे संगीत मला पुरेल. कपाटात एक वाळलेला पाव सापडला. तो बहुधा ऐतिहासिक आहे. ठेवून दिला.

निघताना वरून कोणीतरी तोटी झटकन बंद केली. पहिला जड. दुसरा हलका. तिसरा लांबून. मला सूर कळत नाहीत, पण तो खरोखर जागेवर पडतो, हे आज मला मान्य करावे लागेल. मी छताकडे न पाहता तुझ्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, झालं का बाई.

वरची मुलगी एव्हाना निघून गेली असावी. उत्तर आले नाही. शांतता मात्र बरोबर होती, तू लिहिलीस तेवढीच.

मग दिवा मालवला. दार लावून कुलूप घातले, एकदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.